पायी पाहिलेले कच्छ

कोजागरीचे दूध आटवून झाले की हवेत एक पालट जाणवू लागतो. दुपारचे ऊन अजून अश्विनाचेच असते, त्याचा चटका कमी झालेला नसतो. पण पहाटे पांघरूण पायथ्याकडून हळूच वर ओढून घ्यावेसे वाटते. दिवाळी येते, जाते, अंगणातील तुळशीचे लग्न लागते आणि मग गुजरातच्या सपाट प्रदेशात तो सुखद काळ सुरू होतो, ज्याची वाट वैशाखापासून पाहिलेली असते. बडोद्याच्या माणसाने पायी हिंडण्यासाठी घराबाहेर पडावे ते याच दिवसांत. आणि हिंडण्यासाठी जावे ते कच्छला, असे आमचे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आपल्याकडे सुट्टी म्हणजे ‘देशावर जाणे’ ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती योग्यच आहे. कुलदैवत तिकडे, आत्याबाई तिकडे, लग्नकार्ये तिकडे. आपली मुले सिंहगड चढून येतात, रायगडाची नावनिशी सांगतात. मात्र अठराव्या शतकापासून ज्या भूमीत आपली घरे आहेत, तिचे डोंगर आपल्याला ठाऊक असतात ते बहुधा आगगाडीच्या खिडकीतून. मुंबईच्या दादरहून बडोद्यावरून भुजला जाणाऱ्या गाडीचे नावच मुळी ‘सयाजीनगरी’ आहे. रात्री आपल्या गावात बसावे आणि दुसऱ्या दिवशी भुजला उतरावे, इतके हे वाळवंट जवळ आहे. आम्ही बडोद्याची चार कुटुंबे, वय वर्षे आठपासून बहात्तरपर्यंतची, गेली काही वर्षे मार्गशीर्षाच्या सुमारास तेथे पायी हिंडावयास जातो. त्या हिंडण्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग डोळ्यांपुढे येते. कच्छचे वाळवंट तसे नव्हे. ते मिठाचे आहे, चिखलाचे आहे, गवताचे आहे आणि खडकाचेही आहे. ४५,६७४ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा भारतातील सर्वांत मोठा. कर्कवृत्त त्याच्या अंगावरून जाते. दक्षिणेला आखात, पश्चिमेला सिंधुसागर आणि उत्तरेला व पूर्वेला मोठे व छोटे रण, अशा वेढ्यात हा प्रदेश कासवासारखा पडलेला आहे. कच्छ हे नाव कच्छपावरून आले असे तेथील लोक सांगतात. पावसाळ्यात रणात पाणी भरते, पच्छम आणि खदीर ही उंचवट्याची ठिकाणे खरोखरीची बेटे होतात. पुढे अश्विनापासून पाणी आटू लागते, मार्गशीर्षापर्यंत बऱ्याच भागात मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. दिवस उबदार, रात्री थंड. अबडासा तालुक्यातील नलियाचे नाव तर हिवाळ्यात गुजरातमधील सर्वांत थंड गाव म्हणून वारंवार वृत्तपत्रांत झळकते. उन्हाळ्यात जेथे दुपारी दहा पावले टाकणे जिवावर येते, तेथे या दिवसांत सकाळचे चार तास आणि सायंकाळचे दोन तास निर्वेधपणे चालता येते.

कच्छमध्ये पायी चालण्याचा ऋतू आरंभ होतो तो मात्र यात्रिकांच्या पावलांनी. अश्विनाच्या नवरात्राच्या आधीपासूनच भुजहून माताना मढकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. आशापुरा ही कच्छच्या राजघराण्याची कुलदेवता. तिचे स्थान भुजपासून सुमारे ९५ किलोमीटरांवर आहे. सौराष्ट्रातून, मुंबईतून, कुठून कुठून लोक चालत येतात. ऊन टाळण्यासाठी पुष्कळजण रात्री चालतात. वाटेवर ठिकठिकाणी मांडव पडलेले असतात. तेथे जेवण, ताक, औषध तर मिळतेच, पण अनोळखी माणसे यात्रिकांचे पाय चेपून देतात. आषाढी वारी पाहिलेल्या मराठी माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. तेथे अभंग, येथे गरबे. तेथे पावसाची झड, येथे बाभळीची विरळ सावली. चालून जाण्यात जे पुण्य आहे ते वाहनाने जाण्यात नाही, ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच.

याच पश्चिम भागात, नखत्राणा तालुक्यात, धिणोधर नावाचा डोंगर आहे. उंची चारशे मीटरहून कमी. सह्याद्री चढलेला माणूस त्याकडे पाहून कदाचित हसेल. परंतु भोवतालची भूमी इतकी सपाट, की हा एकटा उभा राहिलेला डोंगर कित्येक कोसांवरून दिसतो. पायथ्याशी थान येथे नाथपंथीयांचा जुना मठ आहे आणि माथ्यावर धोरमनाथांचे लहानसे देऊळ. श्रावणात नवनाथांची पोथी ज्या घरांत वाचली जाते, त्यांना ही कथा जवळची वाटेल. धोरमनाथांच्या शिष्याला एका सधन नगरीने भिक्षा नाकारली, तेव्हा नाथांनी संतापून त्या नगरीला शाप दिला. नगरी बुडाली, पण क्रोध ओसरल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला. प्रायश्चित्तासाठी ते एका डोंगरावर चढू लागले, तो त्यांच्या पापाच्या भाराने डोंगर डळमळला. दुसराही त्यांचा भार साहीना. अखेर धिणोधरावर ते पाठमोरे चढले, आणि त्याने त्यांना धारण केले. शीर्षासनात बारा वर्षे तप झाल्यावर देवांनी त्यांना डोळे उघडण्याची विनवणी केली. पहिली दृष्टी जेथे पडेल ते जळून जाईल, म्हणून नाथांनी माणसांची वस्ती टाळून समुद्राकडे पाहिले. समुद्र आटला, त्याचे रण झाले.

ही कथा पायथ्याशी ऐकावी, आणि दीड-दोन तासांनी माथ्यावर उभे राहून उत्तरेकडे पाहावे. खाली गवताळ पट्टा, त्यापुढे छारी-ढंढ या उथळ तळ्याची चकाकती रेघ, आणि त्याही पलीकडे आकाशापासून वेगळे काढता न येणारे रण. येथे एके काळी समुद्र होता, हे लोकांना भूगर्भशास्त्राची पुस्तके येण्यापूर्वीच ठाऊक होते, एवढे तेथे उभे राहिल्यावर पटते. शास्त्रज्ञही तेच सांगतात: रण हा सागराचा फाटा होता, तो नद्यांच्या गाळाने भरत गेला. भूकंपांनीही येथील भूरचना बदलली आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपाने रणात अनेक किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला आणि सिंदरीचा किल्ला पाण्याखाली गेला. माणसाने न बांधलेल्या त्या बांधाला लोकांनी ‘अल्लाबंध’ म्हटले. २६ जानेवारी २००१ ची सकाळ तर आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात आहे; त्या दिवशी बडोद्यातही घरे हादरली होती.

धिणोधराबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या मुलांना फार आवडली. हा डोंगर म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजून राहिलेला काळा पाषाण आहे, आणि त्याचे नाते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडविणाऱ्या लाव्हाशी आहे. सिंहगडाचा कातळ आणि धिणोधराचा कातळ हे एकाच महाउद्रेकाच्या काळातले. ‘म्हणजे हा सिंहगडाचा चुलतभाऊच की!’ असे एक मुलगा म्हणाला. आम्हांला ते वाक्य पुस्तकातल्या कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचे वाटले.

धिणोधराहून भुजकडे परत येताना कडिया ध्रोकडे वळता येते. ‘ध्रो’ म्हणजे आपला डोह. पावसाळी ओढ्यांनी वालुकाश्माचा खडक हजारो वर्षे कातून येथे अरुंद घळी, रांजणखळगे आणि थरांथरांच्या भिंती केल्या आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात हे थर कुठे गुलाबी, कुठे हळदी, कुठे जांभळट दिसतात. २०२१ साली न्यूयॉर्कच्या एका विख्यात दैनिकाने जगातील आवडत्या ठिकाणांच्या यादीत याचा समावेश केला आणि मग येथे वर्दळ सुरू झाली. शेवटचा टप्पा खडबडीत वाटेचा असल्याने तो पायीच बरा. पाऊस संपल्यावर डोहांत पाणी असते आणि ते दिसते त्याहून खोल असते. काठ घसरडे असतात. मुलांनी येथे पाण्यात उतरू नये. काठावर बसून डबा खावा आणि खडकात पाण्याने काढलेल्या रेषा पाहाव्यात. वाळवंटाची सर्वांत सुंदर शिल्पे पाण्याने घडविलेली असावीत, याचे नवल करावयास तेवढा वेळ पुरतो.

आता उत्तरेकडे, भुजहून खावडामार्गे काळो डुंगर. सुमारे ४६० मीटर उंचीचा हा कच्छमधील सर्वांत उंच डोंगर पच्छम बेटावर रणाच्या काठी उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावर दत्तमहाराजांचे स्थान आहे. बडोद्याच्या मराठी घरांत दत्तभक्ती जुनी. नर्मदाकाठचे गरुडेश्वर, जेथे १९१४ साली वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींनी देह ठेवला, ते आपले नेहमीचे क्षेत्र. गिरनार हे एकदा तरी घडावे असे व्रत. परंतु कच्छच्या या दत्तस्थानी मराठी यात्रिक क्वचितच दिसतो.

येथील कथा दयेची आहे. दत्तात्रेय या डोंगरावर आले असता भुकेले कोल्हे त्यांच्याभोवती जमले. देण्याजोगे दुसरे काही नव्हते, म्हणून त्यांनी ‘ले अंग’ म्हणून स्वतःचा देहच पुढे केला. कोल्ह्यांनी जे खाल्ले ते पुन्हा भरून येत गेले. त्याची आठवण म्हणून आजही आरतीनंतर पुजारी शिजवलेल्या भाताचा प्रसाद घेऊन एका ओट्यावर जातो आणि ‘लोंग, लोंग’ अशी हाक घालतो. हाकेसरशी झुडपांतून कोल्हे येतात.

डांबरी रस्ता देवळापर्यंत जातो, आणि बहुतेक लोक मोटारीने वर जाऊन, रणाचे छायाचित्र काढून, अर्ध्या तासात खाली उतरतात. आम्ही वाहन चढणीच्या आधीच सोडतो. आमच्यातील बहात्तर वर्षांच्या काकूंनी तरुणपणी गिरनारच्या दहा हजार पायऱ्या दोनदा चढल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत. ‘दत्ताचा डोंगर या जन्मी संपला’ असे त्या म्हणत. काळ्या डुंगरावर त्यांनी शेवटचे दोन किलोमीटर पायी यावे असे ठरले. तीनदा बसल्या, काठी टेकीत उठल्या. वाटेत शेळ्या हाकणारा एक मुलगा भेटला. त्याने ‘मासी, थोडुंज छे’ म्हणून धीर दिला आणि आपल्या शेळ्या सोडून वळणापर्यंत सोबत केली. सायंआरतीला आम्ही पोहोचलो. ओट्याजवळ हाक झाली आणि तीन कोल्हे, अगदी सवयीने, भातापाशी आले. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग सूनबाईंना एवढेच म्हणाल्या, ‘तिकडे देव पायऱ्यांच्या शेवटी भेटतो. इथे तो भुकेल्यांना वाढतो आहे.’ मोटारीतून पाच मिनिटांत वर आलो असतो, तर त्या हे वाक्य बोलल्या असत्या का, हा प्रश्न आमच्या मनात अजून आहे.

काळो डुंगर उतरून भुजकडे येताना बन्नीचा सपाट पट्टा ओलांडावा लागतो. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांचे हे कुरण एके काळी आशियातील उत्तम गवताळ प्रदेशांत गणले जाई. येथील मालधारी म्हशी रात्री चरावयास सोडतात. उन्हाचा ताप टाळण्याची ही युक्ती. २०१० साली बन्नीच्या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पायी हिंडणाऱ्याने मात्र येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे ‘विरडा’. बन्नीचे भूजल खारे आहे. पावसाचे गोडे पाणी सखल जागी मुरते आणि हलके असल्याने खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहते. मालधारी नेमकी ती जागा ओळखून उथळ खड्डा खणतात, त्याच्या कडा लाकडांनी व गवताने बांधतात, आणि वरचे गोडे पाणी हलक्या हाताने उपसतात. घाईने उपसले तर खालचे खारे वर येते. एका वृद्ध मालधाऱ्याने आम्हांला ओंजळभर पाणी पाजले आणि सांगितले, की पाण्याला हावरेपणा चालत नाही. शहरात नळ सोडून दात घासणाऱ्या आपल्या मुलांनी हे ऐकले, हे बरे झाले.

याच बन्नीचे दुखणेही पायी चालताना समजते. रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या सुमारास सरकारने येथे परदेशी बाभूळ लावली. ती इतकी फोफावली, की लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे आपली वेडी बाभूळ म्हणू लागले. तिने गवताची पुष्कळ जमीन खाल्ली आहे. उलट तिच्या लाकडाच्या कोळशावर अनेक गरीब कुटुंबांची चूलही चालते. मोटारीतून पाहणाऱ्याला ती केवळ हिरवळ वाटते. चपलेच्या तळातून तिचा काटा वर आला, म्हणजे प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते कळते.

खावड्याकडून आता रण ओलांडून थेट धोलावीरेला जाणारा रस्ता झाला आहे. खदीर बेटावरील हे सिंधुसंस्कृतीचे नगर जगत्पती जोशी यांनी १९६० च्या दशकात उजेडात आणले. पुढे रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि २०२१ साली ते जागतिक वारसास्थळ ठरले. नगराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एकच सांगतो. दोन पावसाळी ओढ्यांच्या मधोमध वसलेल्या या नगराने बांध घालून पाणी वळविले आणि मोठमोठ्या हौदांत साठविले; त्यांतील एक हौद ७० मीटरांहून अधिक लांब आहे. बन्नीतील विरडा पाहून येथे आलेल्या माणसाला हे हौद मृत अवशेष वाटत नाहीत. चार-साडेचार हजार वर्षे येथील माणूस एकाच विद्येचा अभ्यास करीत आला आहे, आणि ती विद्या म्हणजे पाऊस जपून ठेवणे. नगर पाहून झाल्यावर रणाच्या काठी असलेल्या अश्मीभूत वृक्षांच्या जागी जावे. जेथे आज झुडूपही मोठ्या कष्टाने उगवते, तेथे पडलेले हे दगडी ओंडके एके काळच्या अरण्याची साक्ष देतात.

ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. दत्तजयंतीची पौर्णिमा साधली तर दर्शन आणि चांदण्यातील रण दोन्ही घडते. पहाटे उजाडता निघावे, अकराच्या आत सावलीत यावे. अर्ध्या दिवसाच्या चालीला माणशी निदान ३ लिटर पाणी सोबत घ्यावे; थंडी आहे म्हणून तहान लागत नाही, पण शरीर सुकतच असते. जाड तळाचे बूट, डोक्यास रुमाल आणि सायंकाळसाठी लोकरीचे काही हवेच. दगड उलथू नयेत आणि झुडपांत हात घालू नये. या भागात फुरशी पुष्कळ. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांच्यासारखी शिदोरी नाही; ती दोन दिवस टिकते. श्वेत रणासाठी परवाना लागतो आणि सीमा जवळ असल्याने ओळखपत्र जवळ बाळगावे. जेथे सैनिक ‘पुढे नको’ म्हणतील तेथून परतावे. रणाच्या पांढऱ्या पापुद्र्याखाली चिखल असतो, म्हणून मळलेली वाट सोडू नये. विरड्याजवळ साबण, पिशव्या, उष्टे खरकटे काहीही टाकू नये. वस्तीवर शिरताना आधी हाक द्यावी, मगच छायाचित्राचे विचारावे. ही त्यांची घरे आहेत, आपले प्रदर्शन नव्हे.

हे सर्व मोटारीतूनही पाहता येते, असे कोणी म्हणेल. आता तर रस्ते गुळगुळीत झाले आहेत. खावड्याजवळ सूर्यशक्ती व पवनशक्तीचा अवाढव्य प्रकल्प उभा राहत आहे आणि हिवाळी उत्सवाच्या काळात धोरडोला गर्दी लोटते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यातून तेथील लोकांना रोजगार मिळतो. परंतु वेगाने पाहिलेल्या वाळवंटात काहीच नसते. पायी चालू लागावे, म्हणजे पीलूच्या झाडाखाली पक्षी दिसतात, गुग्गुळाचा वास येतो, ओंजळीतल्या पाण्याची किंमत कळते आणि शेळ्या राखणारा पोर आपल्या काकूंना मासी म्हणतो. गुजरातेत आपण किती पिढ्या राहिलो, याचा हिशेब कागदपत्रांत सापडेल. ही भूमी आपली किती झाली, याचा हिशेब मात्र तिच्यावरून आपण किती पावले चाललो, यावरच होईल. तुळशीचे लग्न लागले की थंडी पडू लागते. मुलांना सुट्टी मिळेल तेव्हा एकदा बूट काढावेत, दशम्या बांधाव्यात आणि सयाजीनगरीचे तिकीट काढावे.